वाचकांचे प्रश्न : टॉप लिंकच्या जागी हायड्रोलिक जॅक

प्रश्न : माझ्याकडे 24 अश्वशक्तीचा फोर-व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर आहे. द्राक्षबागेत त्याला बहुतेक वेळ रोटाव्हेटर जोडलेला असतो. मात्र गेल्या वर्षी बागेला लागून असलेली दोन एकर उंचसखल जमीन घेतल्यापासून पेटीसारखा, पुढे दाते असलेला लेव्हलरही बराच काळ लावावा लागतो. दाते खोल घालायचे असले की टॉप लिंक (ट्रॅक्टर आणि अवजार यांना वरून जोडणारा, लांब-आखूड करता येणारा दांडा) आखूड करा, माती पसरायची असली की लांब करा, आणि दर वेळी त्यासाठी सीटवरून खाली उतरा, यात अर्धा दिवस जातो. टॉप लिंकच्या जागी बसणारा हायड्रोलिक जॅक मी एका कृषी प्रदर्शनात पाहिला. माझ्या ट्रॅक्टरला मागे डंपिंग ट्रॉलीसाठी ऑइलची एक जोडणी आहे. तिच्यावर हा जॅक चालेल का? तो किती लांबीचा घ्यावा? आणि गावातल्या लेथवाल्याकडून बनवून घेतला तर चालेल का?
(एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक)

उत्तर : पहिल्याच प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे, आणि बाकीचा सगळा खर्च त्यावर अवलंबून असल्याने तेच आधी सांगतो. ट्रॉलीच्या एका जोडणीवर हा जॅक चालणार नाही. ट्रॉलीचा जॅक एकाच दिशेने काम करतो. ऑइलच्या दाबाने तो ट्रॉली उचलतो आणि लिव्हर सोडला की ट्रॉली स्वतःच्या वजनाने खाली बसते. टॉप लिंकवरचा भार मात्र दोन्ही दिशांनी येतो. अवजार उचललेले असते तेव्हा त्याचे वजन लिफ्टच्या खालच्या दोन हातांच्या मागे लोंबत असते, त्यामुळे अवजाराचा वरचा कान मागे पडू पाहतो आणि टॉप लिंक ताणली जाते. तोच लेव्हलर मातीने भरून ओढू लागलात की जमिनीचा अडथळा खालून मागे खेचतो, वरचा कान ट्रॅक्टरकडे ढकलला जातो आणि टॉप लिंक दाबली जाते. म्हणजे जॅकला ढकलताही आले पाहिजे आणि ओढूनही धरता आले पाहिजे. त्यासाठी जॅकला दोन तोंडे, दोन होज पाइप आणि दोन्हीकडे ऑइल पाठवू शकणारा व्हॉल्व्ह लागतो, ज्याला आपल्याकडे सर्रास डबल अ‍ॅक्टिंग किंवा डीसीव्ही म्हणतात. आपल्या भागात हायड्रोलिक पलटी नांगर चालवणाऱ्या ट्रॅक्टरांवर हाच व्हॉल्व्ह असतो. तो नांगर ज्या ट्रॅक्टरवर पलटतो त्या ट्रॅक्टरवर हा जॅकही चालतो, इतकी साधी खूण पुरेशी आहे.

आपल्या ट्रॅक्टरची ट्रॉलीची जोडणी लिफ्टच्याच लिव्हरवर चालत असेल, म्हणजे एक खुंटी फिरवून ऑइल लिफ्टऐवजी ट्रॉलीकडे वळवावे लागत असेल, तर अडचण आणखी वाढते, कारण मग लिफ्ट आणि जॅक एकाच वेळी हाताळता येणार नाहीत. लेव्हलरच्या कामात तर उजवा हात सतत लिफ्टवरच असतो. अशा वेळी ट्रॅक्टरच्या कंपनीचा त्या मॉडेलसाठीचा डबल अ‍ॅक्टिंग व्हॉल्व्हचा संच मिळतो का, हे विक्रेत्याकडे आधी विचारावे. तो महाग वाटला तरी माझा कल त्याकडेच राहील. वॉरंटी शिल्लक असेल तर तो बसवल्याची लेखी नोंदही करून घ्यावी.

बाहेरचा व्हॉल्व्ह घेऊन पंप आणि लिफ्ट यांच्यामध्ये बसवणे शक्य असते, पण या एका ठिकाणी होणारी चूक मी अनेकदा पाहिली आहे. व्हॉल्व्हला पंपाकडून येणारे ऑइल आत घेण्याचे एक तोंड असते आणि टाकीकडे परत जाण्याचे दुसरे. मिस्त्री ते परतीचे तोंड सरळ लिफ्टच्या लाइनीला जोडतो. ट्रॅक्टर सुरू होतो, लिफ्ट उचलते, सगळे ठीक वाटते. पण लिफ्ट उचलताना जो दाब तयार होतो तो आता व्हॉल्व्हच्या परतीच्या बाजूवर चढतो, आणि ती बाजू तेवढ्या दाबासाठी बनवलेलीच नसते. काही दिवसांनी सील फुटते किंवा व्हॉल्व्हच्या बॉडीला तडा जातो. म्हणून पुढे लिफ्टला दाबाचे ऑइल देण्यासाठी स्वतंत्र तिसरे तोंड असलेलाच व्हॉल्व्ह घ्यावा, ज्याला दुकानात पॉवर बियाँड म्हणतात, आणि परतीची लाइन वेगळी काढून थेट टाकीत सोडावी. व्हॉल्व्हचा लिव्हर हात सोडताच मध्यावर परत येणारा हवा. टोकाला अडकून राहणारा लिव्हर असला की जॅक पूर्ण ताणला गेल्यावरही पंप रिलीफ व्हॉल्व्हवर (जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेवर) किंचाळत राहतो आणि ऑइल तापते.

आता माप. खरेदीच्या आधी टेप घेऊन बसण्याचा कंटाळा करू नये, कारण जॅक परत घेणारा दुकानदार मला तरी अजून भेटलेला नाही. आपली सध्याची आट्याची टॉप लिंक लावलेली असताना सपाट जागेवर प्रत्येक अवजार नेहमीच्या कामाच्या स्थितीत आणा आणि दोन्ही पिनांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवा. नंतर लेव्हलर पुढे आणि मागे जितका कलता हवा तितका कलवून पुन्हा मोजा. नमुन्यादाखल धरा, रोटाव्हेटरला 480 मि.मी., लेव्हलर सपाट असताना 510 मि.मी. आणि त्याच्या दोन टोकांना 450 व 580 मि.मी. असे आकडे आले. तर जॅक मिटलेला असताना 440 मि.मी.पेक्षा लांब नसावा आणि उघडल्यावर किमान 590 मि.मी. व्हावा, म्हणजे 150 मि.मी.चा स्ट्रोक पुरे. इथेच बहुतेकांचा मोह होतो की स्ट्रोक थोडा जास्त असलेला बरा. पण स्ट्रोक जितका वाढतो तितकी मिटलेली लांबीही वाढते, कारण रॉड पूर्ण आत मावण्याइतकी नळी लांब असावी लागते, शिवाय पिस्टन, तोंडाची ग्लँड (रॉडभोवतीचे सील धरणारे झाकण) आणि दोन्हीकडचे कान यांची लांबी वेगळी. याच बांधणीचा 200 मि.मी. स्ट्रोकचा जॅक मिटल्यावर 490 मि.मी.चा भरेल, आणि मग आपला रोटाव्हेटर कधीच सरळ बसणार नाही.

इतक्या छोट्या हालचालीने काय साधते, असे वाटणे स्वाभाविक आहे. कॅटेगरी 1 च्या, म्हणजे छोट्या ट्रॅक्टरांच्या जोडणीमापाच्या, अवजारात खालच्या पिना आणि वरची पिन यांच्यात उभे अंतर 460 मि.मी. असते. त्यामुळे टॉप लिंक 10 मि.मी. आखूड केली की अवजार सव्वा अंशाने कलते. आपल्या लेव्हलरच्या पुढच्या दात्यांपासून मागच्या पात्यापर्यंत 300 मि.मी. अंतर धरले, तर 25 मि.मी.च्या फरकाने दाते पात्यापेक्षा सुमारे 16 मि.मी. खाली जातात. भुसभुशीत मातीत ही खोली भरपूर होते आणि मुरमाड जमिनीत तर ट्रॅक्टर थांबेल इतकी. तेव्हा 150 मि.मी.चा स्ट्रोक कमी पडण्याची भीती बाळगू नका.

जाडीबाबतही हाच संयम हवा. नळीचा आतला व्यास 50 मि.मी. आणि रॉड 30 मि.मी. असलेला जॅक 150 किलो प्रति चौ. सें.मी. दाबाला सुमारे 2,900 किलोंच्या रेट्याने ढकलतो आणि सुमारे 1,880 किलोंनी ओढतो. ओढताना ताकद कमी पडते, कारण त्या बाजूला रॉडने जागा व्यापलेली असते. आता गरज किती ते पाहा. 250 किलोंच्या अवजाराचा भार खालच्या पिनांच्या 600 मि.मी. मागे आहे असे धरले, तर उचललेल्या अवस्थेत टॉप लिंकवर साधारण 325 किलोंचा ताण येतो. खड्ड्यात आदळून तो तिप्पट झाला तरी 50 मि.मी.च्या जॅकला जड नाही. 63 मि.मी.चा जॅक याच दाबाला साडेचार टनांच्या वर ढकलेल, आणि लेव्हलर बांधात अडकलेला असताना कोणी लिव्हर दाबून धरला तर वाकेल तो मिनी ट्रॅक्टरचा टॉप लिंकचा कान, जॅक नव्हे. कॅटेगरी 1 ची वरची पिन 19 मि.मी. जाडीची असते; जॅकचा डोळा त्याच मापाचा घ्यावा. मोठ्या ट्रॅक्टरच्या 25 मि.मी.च्या डोळ्यात 19 मि.मी.ची पिन खुळखुळत ठेवून काम करणारे मी पाहिले आहेत, आणि एका हंगामात पिन मधोमध खाल्लेलीही पाहिली आहे.

लेथवाल्याचा प्रश्न थोडा नाजूक आहे, कारण आपल्याकडच्या काही लेथवाल्यांचे हात खरोखर चांगले आहेत. तरीही मी तयार जॅक घ्यावा असेच म्हणेन. ट्रॉलीचा जॅक बनवण्यात हयात गेलेला कारागीरही फक्त ढकलणाऱ्या जॅकचा विचार करतो. इथे रॉडच्या टोकाचा पिस्टन धरून ठेवणारा नट आणि तोंडाची ग्लँड या दोघांवर ओढीचा भार पडतो, कानाची वेल्डिंग दोन्ही दिशांनी हिसके खाते, आणि नळी आतून होन केलेली, म्हणजे घासून गुळगुळीत केलेली, नसली तर सील महिनाभरही टिकत नाही. भंगारातला पॉवर स्टिअरिंगचा जॅक कापून घेण्याची सूचना आली तर ती सरळ नाकारावी. लेथवाल्याकडून कानाला बुश घालून घेणे, पिन करून घेणे, होजसाठी पट्टी बनवून घेणे ही कामे मात्र निर्धास्त द्यावीत.

जॅकबरोबर एक वस्तू हटकून घ्यावी, ती म्हणजे जॅकच्या अंगावरच बसणारा दुहेरी लॉक व्हॉल्व्ह. लिव्हर मध्यावर असताना तो दोन्ही बाजूंचे ऑइल जॅकमध्येच कोंडून ठेवतो आणि लिव्हर हलवल्याखेरीज सोडत नाही. होज फुटला तरी अवजार जागच्या जागी राहते. तो किती आवश्यक आहे ते पुढच्या प्रश्नात येईलच. दुसरी छोटी गोष्ट वेगाची. मिनी ट्रॅक्टरचा पंप मिनिटाला 20 लिटर ऑइल देत असेल, तर वरच्या मापाचा जॅक एका सेकंदाच्या आत पूर्ण उघडतो आणि त्याहूनही लवकर मिटतो. इतक्या वेगात लेव्हलरचा कल हाताने साधणे कोणालाच जमणार नाही. होजच्या ट्रॅक्टरकडच्या टोकाला, दोन्ही लाइनींत, एक मिलिमीटरच्या आसपास छिद्र असलेली चकती बसवली की पूर्ण स्ट्रोकला तीन-चार सेकंद लागतात, आणि बोटभर हालचाल बेताने करता येते.

होज दोन तारांच्या जाळीचा घ्यावा. त्यावर 2एसएन असा शिक्का असतो, 10 मि.मी. आतल्या व्यासाचा असा होज 330 बार कामाच्या दाबाचा असतो, म्हणजे आपल्या गरजेच्या दुप्पट. लांबी मात्र दुकानात अंदाजाने सांगू नये. जॅक पिनांनी जोडून, लिफ्ट पूर्ण खाली आणि जॅक पूर्ण उघडलेला, नंतर लिफ्ट पूर्ण वर आणि जॅक मिटलेला, अशा दोन्ही टोकांना सुतळी धरून पाहावी आणि तिच्यावरून लांबी ठरवावी. होजची वाट नेहमी वरून काढावी. सैल पडलेला वेटोळा पीटीओ शाफ्टवर (इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर) लोंबला की तो एका क्षणात गुंडाळला जातो. जोडण्यांच्या सरळ आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिथे डौटी वॉशरच सील करतो, टेपचा तुकडा मात्र निसटून व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो.

बसवण्याचे काम त्यानंतर तासाभराचे. अवजार सपाट जमिनीवर पूर्ण टेकवून, इंजिन बंद करून जुनी टॉप लिंक काढावी. ती विकू नये, पेटीत ठेवावी, कधी ना कधी लागतेच. जॅकची नळी ट्रॅक्टरकडे आणि रॉड अवजाराकडे ठेवला तर होज कमी हलतात. तोंडे वरच्या बाजूला येतील अशा बेताने बसवून दोन्हीकडे पिन आणि खिट्टी घालावी. कपलर, म्हणजे होजच्या टोकाच्या झटपट जोडण्या, जोडण्यापूर्वी स्वच्छ फडक्याने पुसावेत. मग अवजाराकडची पिन तेवढ्यापुरती काढून, रॉड मोकळा ठेवून, इंजिन मंद चालवत जॅक चार-पाच वेळा पूर्ण उघडावा आणि मिटवावा. सुरुवातीला तो गचके देतो. आतली हवा निघाली की हालचाल गुळगुळीत होते. शेवटी अवजार जोडून लिफ्ट इंचाइंचाने वर न्यावी आणि प्रत्येक टप्प्यावर जॅक दोन्ही टोकांना नेऊन पाहावा. जॅक पूर्ण मिटवल्यावर अवजाराचा माथा मडगार्डला किंवा सीटच्या मागच्या भागाला लागतो का, आणि रोटाव्हेटर असेल तर पीटीओ शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत टोकापर्यंत घुसतात का किंवा सुटण्याइतक्या लांबतात का, हे इथेच कळते. आट्याच्या टॉप लिंकने हा धोका कधी जाणवला नव्हता, कारण ती एकदा लावली की कोणी हलवत नव्हते. आता सीटवर बसून, शाफ्ट फिरत असताना, कोणीही ती हलवू शकतो; आणि शाफ्टचा क्रॉस तुटला की त्याचे तुकडे कुठे जातील याचा नेम नसतो. म्हणून रोटाव्हेटरच्या कामात जॅकच्या रॉडवर रंगाने एक रेघ मारून ठेवावी आणि पीटीओ चालू असताना तिच्या आसपासच राहावे.

आपल्याला हा खर्च परवडेल का, हे आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. बागेत फक्त रोटाव्हेटर चालवायचा असता तर मी जुनीच टॉप लिंक ठेवा म्हटले असते, कारण तिथे एकदा लावलेले माप आठवडाभर बदलत नाही. लेव्हलरला मात्र जॅकने काम खरेच निम्मे होते. दोन एकर एकदा सपाट झाल्यावर लेव्हलर शेडमध्येच राहणार असेल, तर एखाद्या मोठ्या ट्रॅक्टरवाल्याकडून ते काम भाड्याने करून घेण्याचा हिशेबही मांडून पाहावा.

प्रश्न : डाळिंबाच्या बागेसाठी घेतलेल्या छोट्या ट्रॅक्टरवर दोन महिन्यांपूर्वी हायड्रोलिक टॉप लिंक बसवली. शेतात काही त्रास नाही. पण रोटाव्हेटर उचलून वस्तीवरून रस्त्याने निघालो की पाच-सात मिनिटांत त्याची मागची बाजू खाली झुकते. आमचा मिस्त्री पंप गेला असे म्हणतो. पंप बदलावा का?
(एक शेतकरी, ता. सांगोला, जि. सोलापूर)

उत्तर : पंप बदलू नका. लिव्हर मध्यावर असताना पंपाचा आणि जॅकचा संबंधच राहत नाही. इंजिन बंद केले तरी झुकणे चालूच राहते, हे आपण पाहिले असेल. ऑइल कुठून तरी निसटते आहे, आणि ती जागा घरच्या घरी शोधता येते.

रोटाव्हेटर वर उचला, इंजिन बंद करा आणि बाजूला उभे राहून जॅकच्या रॉडवर, तो नळीतून बाहेर येतो त्या ठिकाणी, मार्करने बारीक रेघ ओढा. खालच्या एका हाताची जमिनीपासूनची उंचीही मोजा. अवजाराखाली कोणी जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको. पंधरा मिनिटांनी रेघ जागेवर असेल आणि हात खाली आले असतील, तर दोष लिफ्टचा आहे, टॉप लिंकचा नाही. रेघ नळीपासून दूर सरकली असेल, तर जॅक उघडतो आहे. मग अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद ठेवून लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब सोडा, तिथेच जॅकचे दोन्ही कपलर सोडवा आणि मग अवजार पुन्हा उचलून इंजिन बंद करा. सुटलेल्या कपलरची तोंडे आपोआप बंद होतात. कपलरवर भार असल्याने ते हाताने निघत नसतील तर ओढाताण करू नका, चाचणी तिथेच थांबवा. कपलर सुटल्यावर रेघ स्थिर राहिली, तर जॅक निर्दोष आहे आणि ऑइल व्हॉल्व्हच्या स्पूलमधून निसटते आहे. तरीही सरकत राहिली, तर जॅकच्या पिस्टनचे सील गेले आहे.

दहापैकी आठ वेळा दोष स्पूलचा निघतो, आणि त्याला खरे तर दोष म्हणता येणार नाही. स्पूल हा घासून बसवलेला धातूचा दांडा असतो. त्याच्या आणि बॉडीच्या मधल्या केसाएवढ्या फटीतून थोडे ऑइल नव्या व्हॉल्व्हमध्येही पाझरते. उचललेला रोटाव्हेटर जॅकला ओढत असतो, आणि ओढीच्या बाजूला रॉडमुळे जागा कमी असल्याने तिथे दाब जास्त येतो. म्हणूनच वरच्या उत्तरात लॉक व्हॉल्व्हचा आग्रह धरला. माझ्या स्वतःच्या पहिल्या जॅकला मी तो लावला नव्हता, पैसे वाचवल्याचे समाधान मानत संध्याकाळी लेव्हलर उचलून शेडमध्ये उभा केला, आणि सकाळी त्याचे मागचे पाते फरशीवर टेकलेले व दाते छताकडे पाहत असलेले दिसले. आपल्या जॅकवर लॉक व्हॉल्व्हचा ठोकळा नसेल, तर तो बसवून घ्या. बाजारात जॅकच्या दोन तोंडांवर बसणारे ठोकळे मिळतात. मात्र पिस्टनचे सीलच गेले असेल तर लॉक व्हॉल्व्हचा काही उपयोग नाही, कारण ऑइल जॅकच्या आतल्या आत एका बाजूकडून दुसरीकडे जाते.

कुठे गळती दिसते का हे पाहताना होजवरून हात फिरवू नका. दाबाखालच्या होजला सुईच्या टोकाएवढे भोक असले तरी त्यातून येणारे ऑइल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, आणि काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा होजजवळून फिरवावा. त्यावर ओला ठिपका उमटला की जागा कळते. आणि कोणाला असे ऑइल टोचलेच, तर हळद लावून वाट न पाहता त्याच तासात शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे, आणि हायड्रोलिकचे ऑइल आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

प्रश्न : उसाच्या खोडव्यानंतर छोट्या ट्रॅक्टरने हलकी नांगरट करतो. टॉप लिंकच्या जागी जॅक आला तर ड्राफ्ट कंट्रोल बंद पडेल का?
(एक वाचक, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर)

उत्तर : बंद पडत नाही, पण ते कसे चालते हे लक्षात ठेवून जॅक वापरावा लागतो. 1939 च्या फोर्ड 9एन ट्रॅक्टरमुळे सर्वदूर पोहोचलेली हॅरी फर्ग्युसन यांची तीन बिंदूंची जोडणी याच एका कल्पनेवर उभी होती, की नांगराला जमीन कठीण लागली की टॉप लिंक दाबली जाते, आणि तो दाब स्प्रिंगच्या मार्गाने लिफ्टला कळला की लिफ्ट नांगर किंचित वर घेते. आजही अनेक छोट्या ट्रॅक्टरांत टॉप लिंकचा ट्रॅक्टरकडचा कान अशा स्प्रिंगला जोडलेला असतो. काहींत हे काम खालच्या हातांवरून होते, आणि त्यांना आपला प्रश्न लागूच होत नाही. लॉक झालेला जॅक हा लोखंडी दांड्यासारखाच घट्ट असल्याने तो दाब पुढे पोहोचवतो. फक्त नांगर जमिनीत असताना आपण जॅक हलवला, तर त्या ओढाताणीला लिफ्ट कठीण जमीन समजते आणि नांगर वर-खाली करू लागते. म्हणून जॅकची जुळणी पहिल्या तासात करून घ्यावी आणि मग लिव्हरला हात लावू नये. जॅक आखूड केला की फाळाचे टोक खाली झुकते आणि नांगर घुसतो, लांब केला की तो सपाट चालतो, दोन-तीन मि.मी.च्या पलीकडे एका वेळी जाऊ नये. व्हॉल्व्हला फ्लोट, म्हणजे जॅक दोन्हीकडे मोकळा सोडण्याची जागा असेल, तर नांगरटीत ती वापरू नये, कारण मोकळा जॅक काहीच दाबत नाही आणि लिफ्टला काहीच कळत नाही. ट्रॅक्टरकडच्या कानाला एकावर एक भोके असतील, तर नांगरासाठी कोणते आणि रोटाव्हेटरसाठी कोणते हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. जॅक आल्यामुळे त्यात बदल होत नाही.

प्रश्न : जॅक बसवल्यावर ऑइल किती वाढवावे, आणि शेजाऱ्याचा जॅक अधूनमधून आपल्या ट्रॅक्टरला लावला तर हरकत आहे का?
(एक वाचक, ता. बारामती, जि. पुणे)

उत्तर : 50 मि.मी. व्यासाचा आणि 150 मि.मी. स्ट्रोकचा जॅक पूर्ण उघडल्यावर त्यात 300 मिलिलिटरच्या आतच ऑइल मावते. होजमधले धरून अर्धा लिटर पुरे होते. हवा काढून झाल्यावर लिफ्ट खाली आणि जॅक मिटलेला असताना पातळी पाहावी, कारण जॅक उघडा असताना भरलेले ऑइल तो मिटल्यावर टाकीत परत येऊन पातळी खुणेच्या वर जाते. ऑइल ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच घालावे.

शेजाऱ्याच्या जॅकबाबत मात्र मी सावध राहीन. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रोलिक यांचे ऑइल एकच असते. जॅक एका ट्रॅक्टरवरून दुसऱ्यावर गेला की पहिल्याचे ऑइल, त्यातले लोखंडाचे कण आणि कपलरवरची माती सगळी दुसऱ्याच्या गिअरबॉक्सपर्यंत जाते. डंपिंग ट्रॉली गावभर फिरते तेव्हाही हेच होते, फक्त तिकडे कोणी लक्ष देत नाही. द्यायचाच असेल तर कपलरला टोप्या लावून द्यावा, परत आल्यावर जॅक रिकाम्या डब्यात मोकळा करून जुने ऑइल काढून टाकावे आणि मगच जोडावा. त्याचा रॉड कसा परत येतो तेही पाहावे: बागेत बोर्डोची फवारणी झाल्यावर तसाच उघडा ठेवलेला रॉड न पुसल्यास त्याच्या क्रोमवर बारीक टिपके पडतात, आणि पुढच्या प्रत्येक हालचालीत ते तोंडाचे सील कापत राहतात. आपला असो की शेजाऱ्याचा, जॅक उभा करून ठेवताना मिटवून ठेवावा.